काट्यावरची पोरं

आमच्या निमोण्याचा कुमार कबड्डी संघ आधी कांद्याच्या काट्यावर ठरायचा, मैदानाची पाळी नंतर. स्पर्धेच्या दिवशी पहाटे आमच्या खळ्यात तीन वासे उभे बांधून त्यांना लोखंडी दांडीचा काटा टांगलेला असायचा. एका पारड्यात मर्यादेइतकी वजनं. आताच्या हिशेबाने सांगायचं तर पन्नासचं एक आणि वीसचं एक. दुसऱ्या पारड्यात साखळ्या धरून उकिडवा बसलेला, नुसत्या चड्डीवर कुडकुडणारा पोरगा. त्याचं पारडं वर राहिलं की तो संघात. खाली टेकलं की त्याने काही न बोलता उठायचं आणि देवळाला पळत फेऱ्या घालायला लागायचं.

मी शिरूरच्या बाजारात मापाडी होतो. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, मापाड्याचा फक्त हात. त्याआधी चार वर्षं याच संघाचा डावा कोपरा होतो, आणि वयात बसेना झालो तेव्हा गावाने काटा माझ्या गळ्यात मारला तो आजवर. त्या काट्याची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तसली. तिच्यात तीनच रकाने: नाव, जन्मतारीख, वजन. जिंकलो की हरलो, हे कुठेही लिहिलेलं नाही. जिंकून आल्यावर रात्री वही उघडायची शुद्ध कुणाला, आणि हरल्यावर इच्छा कुणाला!

गावातल्या एका मास्तरांनी मागे म्हटलं, संघाचा इतिहास लिहून ठेवा. मी वही घेऊन बसलो आणि अडचण लक्षात आली. कुमार गट म्हणजे वीस वर्षांच्या आत आणि सत्तर किलोच्या आत. मोठ्यांच्या संघात माणूस गुडघे चालतील तोवर खेळतो. पस्तिशीतला गडीही चढाईला जाऊन गुण आणतो. कुमार संघात मात्र पोरगा तीन-चार वर्षांचा पाहुणा. मिसरूड फुटलं, कोपरा कळायला लागला, घोटा कधी धरायचा आणि कधी सोडायचा याची अक्कल आली, की त्याची मुदत संपली. दर चार वर्षांनी अख्खा संघ कात टाकतो. फळ्यावर खडूने लिहिलेलं ‘निमोणे’ तेवढं तेच. अशा संघाचा इतिहास खेळाडूंचा कसा लिहायचा? म्हणून मी मैदानाचा आणि काट्याचा लिहितो आहे.

शिरूर आणि न्हावरे यांच्या मधल्या टापूतलं आमचं गाव. पूर्वेला घोड नदी, नदीपलीकडे नगर जिल्ह्याचा श्रीगोंदा तालुका. चिंचणीला घोडवर धरण झालं ते १९६५ च्या सुमारास, पण धरण शेजारी असलं म्हणून सगळ्या शिवाराला पाणी मिळालं असं नाही. खाली ऊस, वर बाजरी आणि कोरडी ठाक कुसळं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. मोठी माणसं नालाबांधावर आणि खडी फोडायला. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी. त्या भाकरीचा रंग आणि चव ज्यांनी अनुभवली ते आजही मिलो म्हटलं की तोंड वाकडं करतात. त्या साली वजनाच्या मर्यादेचा प्रश्नच नव्हता. आम्हा सात जणांना मिळून एका पारड्यात बसवलं असतं तरी काटा बुचकळ्यात पडला असता.

मैदान मात्र त्या दुष्काळानेच दिलं. दोन वर्षं बांधबंदिस्तीवर माती उचलून गावातल्या गड्यांच्या हाताला सवय लागली होती, आणि कामं थांबल्यावर देवळामागची उंचसखल जागा त्यांनी चार रात्रींत सपाट करून दिली. आमची जमीन काळी, उन्हात भेगाळणारी. नुसत्या काळ्या मातीवर पाय अडकून घोटा मुरगळतो आणि मुरमावर गुडघ्याची सालटं निघतात. म्हणून नदीकाठचा पोयटा बैलगाडीने आणला, चाळलेलं शेणखत घातलं, शिरूरच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणला, आणि पाणी मारून दगडी रूळ फिरवला. रूळ एका बागायतदाराचा होता. त्याच्या बदल्यात आम्ही दोन दिवस त्याचा कांदा काटला. लांबी १३ मीटर, रुंदी १० मीटर. टेप कुणाकडे नव्हता, बैलाच्या कासऱ्याला गाठी मारून मापं घेतली. पुढे खरा टेप लावला तेव्हा मैदान एका कोपऱ्यात वीतभर फाकलेलं निघालं. तो डावा कोपरा होता, म्हणजे माझा. इतकी वर्षं मी फुकटची वीतभर जास्त जमीन राखत होतो.

आमचे म्हातारे या खेळाला कबड्डी म्हणत नसत. त्यांचा तो हुतुतू. त्याच्या तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी जिवंत होऊन आत यायचा. गामिनीत मेलेला बाहेर बसला तो बसला, एका बाजूचे सगळे संपेपर्यंत. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे. आज जगभर खेळतात ती संजीवनी. आजोबांच्या पिढीला गामिनी आवडायची. त्यांचं म्हणणं, मेलेला माणूस परत येतो हा पोरखेळ झाला.

या तीन तऱ्हांची एक मोट बांधायचं काम शहरांतल्या माणसांनी केलं. १९०६ मध्ये निघालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी देशी खेळांना रेषा आणि नियम दिले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापले आणि स्पर्धा भरवली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यावर हात फिरवला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळ दाखवून आली. १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन झालं, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि हुतुतू, हाडुडू, चेडुगुडू ही सगळी घरगुती नावं मागे पडून कागदावर कबड्डी राहिली. महाराष्ट्रात ती गावोगाव नेली शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्यांच्या काळात मुंबईच्या गिरणगावात गल्लीगल्लीला संघ होता, आणि सुट्टीत गावी आलेला गिरणी कामगार हाच आमचा प्रशिक्षक. ‘निदान रेषा’ हा शब्द निमोण्यात परळहून आला.

छापील नियमांनी आम्हाला एक गोष्ट दिली: परळच्या पोराइतकीच रेषा आमच्या पोराला. आणि एक नेली. पूर्वी दम हेच घड्याळ होतं. ज्याची छाती मोठी त्याची चढाई लांब. आता तीस सेकंदांत परत फिरायचं. आमच्याकडे एक पोरगा होता, विहिरीत बुडी मारून तळाची कळशी वर आणणारा. तो एका दमात समोरच्यांना असा ताटकळत ठेवायचा की कोपरा कंटाळून स्वतःच पुढे यायचा आणि मरायचा. तीस सेकंदांच्या शिट्टीने त्याची सगळी मिरास गेली. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

या तीस सेकंदांवरून एक आडवळण घेतो. माझा भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला नोकरीला आहे. तिथे पंजाब्यांची गोल मैदानातली कबड्डी जोरात चालते, ती बघायला म्हणून निघाला आणि मित्रांनी त्याला भलत्याच खेळाला नेलं. मला फोनवर दाखवायला लागला, “मामा, बघ, कुमार गटाचीच मॅच आहे.” बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त रिंगण, उन्हाळा म्हणून बर्फ नाही, चारी बाजूंनी फळ्या. प्रत्येक बाजूला पाच पळणारे आणि एक जाडजूड गोलरक्षक, हातात जाळी लावलेल्या काठ्या, त्या जाळीत चेंडू झेलायचा आणि फेकायचा. आडवं आलेल्याला खुशाल फळीवर आपटायचं. बॉक्स लॅक्रॉस म्हणतात. चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत गोलवर मारला पाहिजे. मी म्हटलं, अरे, ही तर चढाईच.

मग मला तो नादच लागला. मूळ खेळ तिथल्या आदिवासींचा, मोहॉक वगैरे लोकांचा, मोकळ्या रानात खेळायचा. माँट्रियलच्या जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने १८६० च्या दशकात त्याचे नियम लिहिले, आणि १८८० मध्ये त्या नियमांवर चालणाऱ्या संघटनेने आदिवासींनाच स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते पैसे घेऊन खेळतात. ज्यांचा खेळ त्यांनाच रेषेबाहेर! आमच्या जिमखानेवाल्यांनी निदान आम्हाला हाकललं नाही. १९३१ मध्ये माँट्रियलच्या हॉकी क्लबवाल्यांनी उन्हाळ्यात रिकामी पडणारी रिंगणं भरायला हा खेळ आत आणला. तिथल्या कुमारांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या चषकाचं नाव ऐकून तर मी खाटेवरून उठून बसलो. मिंटो चषक. १९०१ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांनी दिलेला, आधी मोठ्यांसाठी, १९३७ पासून कुमारांसाठी. म्हणजे तेच मिंटो, जे १९०५ पासून १९१० पर्यंत इथे व्हाइसरॉय होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडलं. भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मामा, इथं हे कुणाला माहीत नाही.” म्हटलं, तिथं कशाला, शिरूरलाही माहीत नाही.

लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जाणार आहे. ते ठरलं कुठे, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. गिरणगावापासून फार लांब नाही. कबड्डी त्या यादीत नाही. असो.

वहीकडे येतो. तिचा दुसरा रकाना, जन्मतारखेचा, बाहेरच्या माणसाने वाचला तर त्याला वाटेल निमोण्यात सगळी बाळंतपणं एकाच दिवशी होत होती. १ जून, १ जून, १ जून. मीही १ जूनचाच. आमच्या आयांना आमचा जन्म सुगीत की पेरणीत एवढं सांगता यायचं. शाळेत नाव घालताना गुरुजी डोक्यावरून उलट्या कानाला हात पुरतो का बघायचे आणि जूनची पहिली तारीख टाकायचे. त्या एका तारखेवर पुढे पेन्शनपासून कुमार गटापर्यंत सगळं उभं. एकदा तालुक्याबाहेरच्या एका स्पर्धेत आमच्या पाच पोरांचे दाखले बघून तिथला पंच म्हणाला, “तुमच्या गावात काय जत्रेत पोरं वाटतात का?” आणि आमचा संघ बाद केला. दाखले खरे होते. म्हणजे गुरुजींनी लिहिलेले तरी होते. त्यातला एक पोरगा कदाचित एकवीसचाही असेल, मी शपथ घेणार नाही. पण त्याचा धाकटा भाऊ खरोखर सतरा वर्षांचा होता आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निमोण्यापर्यंत रडत आला.

तिसऱ्या रकान्यात माझी एक चूक आहे. एका जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमचा उजवा कोपरा दोन किलो जास्त भरला. तालमीत जाणारा पोरगा, हाडापेराने मोठा. त्याला घरी पाठवायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, उतरव. त्याने दुपारपासून पाणी तोडलं, अंगात दोन स्वेटर घालून उन्हात पळाला, रात्री थुंकत बसला. सकाळी स्पर्धेच्या काट्यावर तो बसला, मर्यादेत भरला, आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या डावात त्याने दोन पकडी केल्या. तिसरीला घोटा धरला आणि तसाच पडून राहिला. चढाईवाला सुटून मध्यरेषेवर गेला, शिट्टी झाली, तरी हा उठेना. डॉक्टरने सलाइन लावली, संध्याकाळी तो बोलायला लागला. त्याचं पहिलं वाक्य, “लोण बसला का?” बसला होता. सामनाही गेला. वहीत त्याच्या नावापुढे मी वजन लिहिलं आहे ते स्पर्धेच्या काट्यावरचं. आदल्या दिवशीचं लिहिलंच नाही. मापाड्याने तोललेलं न लिहिणं म्हणजे काय, हे बाजारात कुणालाही विचारा.

त्यानंतर नियम केला: आठवडाभर आधी तोलायचं, आणि जो जास्त भरेल त्याने खेळायचं नाही, जेवायचं.

आमची पोरं पुढे गेली कुठे? मोठा खेळाडू होऊन एकही नाही. पुण्याने शांताराम जाधव दिले, शकुंतला खटावकर दिल्या, दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. आमची मजल जिल्ह्याच्या मैदानापर्यंत. पण दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबर, आणि भरतीच्या मैदानावर आमची पोरं उठून दिसायची. २००५ मध्ये सरकारने नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण ठेवलं तेव्हापासून तर घरातल्या बायकाही विचारायला लागल्या, “सर्टिफिकेट मिळंल ना?” खेळाकडे बघायची गावाची नजर त्या एका कागदाने बदलली. त्याआधी बापलोक मैदानावर यायचे ते पोराला कानाला धरून दारं धरायला न्यायला. दुसरीकडे रांजणगावला एमआयडीसी झाली. पोरगा अठराचा झाला की कंत्राटदाराची बस दारात. कारखान्याची पाळी आणि सरावाची वेळ जुळेना. बॉयलरजवळ आठ तास उभा राहिलेल्या पोराला संध्याकाळी चढाईला जा म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. वहीत एक पान असं आहे की त्यावर सहाच नावं आहेत. सातवा मिळाला नाही. त्या साली संघ उतरलाच नाही.

मुलींची नावं वहीत उशिरा आली, आणि ती माझ्या अक्षरात नाहीत. २०१२ मध्ये पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. पेपरात त्यांचे फोटो आले आणि वस्तीवरच्या दोन मुली काट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पारड्यात पोरीला बसवायचं कसं, याचा मला संकोच. माझ्या सुनेने वही ओढून घेतली, घरातून गव्हाची दोन पोती हलवून आत वेगळा काटा मांडला आणि मला बाहेर घालवलं. कुमारींची मर्यादा पासष्ट किलो आहे, हेही तिलाच माहीत होतं.

२०१४ च्या २६ जुलैला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावातल्या पोरांनी खेळाडूंचे भाव ऐकले. पुणेरी पलटण पहिल्या हंगामात तळाला होती, तरी आमच्याकडे टीव्हीपुढे जागा नसायची. १ मार्च २०२४ ला हैदराबादला त्यांनी हरियाणाला २८-२५ ने हरवलं; कप्तान अस्लम इनामदार, नदीपलीकडच्या नगर जिल्ह्यातला. त्या रात्री आमच्या पारावर फटाके उडाले, आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, “श्रीगोंद्याचा का?” नाही म्हटल्यावर थोडा हिरमुसला. पण त्या खेळाने एक नवी आफत आणली. मॅट. मातीत वाढलेलं पाऊल मॅटवर बुटात घातलं की पोरगा पहिले चार दिवस नुसता घसरतो. माती पायाला धरते, मॅट पायाला फेकते. वर्गणी काढून आम्ही जुनी मॅट आणली आणि शाळेच्या शेडमध्ये अंथरली. देवळामागचं मैदान आता लग्नाच्या मांडवाला आणि कांदा वाळवायला. डाव्या कोपऱ्यातली वीतभर जागा मला अजून ओळखू येते.

दांडीचा काटाही गेला. आता बाजारात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटा, तसाच एक खळ्यातही आला. तो दशांश दाखवतो, म्हणून भांडणं जास्त.

परवा नवा संघ तोलला. चौदा पोरं. मी चष्मा लावून वही धरली आणि पहिल्याला विचारलं, जन्मतारीख? १७ नोव्हेंबर. दुसरा, ९ मार्च. तिसरा, २३ ऑगस्ट. सगळी शिरूरच्या दवाखान्यात जन्मलेली, एकाला तर वेळही माहीत होती, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. मी लिहीत गेलो. तेरा जणांच्या तेरा तारखा. शेवटी एक उंचेला, सावळा पोरगा उरला होता, माझ्याबरोबर खेळलेल्या एकाचा नातू. तो म्हणाला, १ जून. मी मान वर करून बघितलं. “खरंच १ जून आहे, आजोबा,” तो म्हणाला, “दाखला दाखवू का?” काट्यावर आकडा थरथरत होता. सत्तर पूर्णांक दोन. तो उतरला, चपला काढल्या आणि कुणी सांगायच्या आधी देवळाकडे पळत सुटला. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. स्पर्धेला अजून आठ दिवस होते.